बुरुजावरचा पिंपळ तोडूनही पुन्हा का फुटतो? खरं काम कोयता खाली ठेवल्यावर सुरू होतं

पावसाळा तोंडावर आला की गडांवर स्वच्छता मोहिमा निघतात. तटबंदीत रुजलेले पिंपळ, वड, उंबर छाटले जातात. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो व्हायरल होतात. दिवाळीपर्यंत त्याच बुंध्यातून एकाऐवजी चार-पाच फुटवे आलेले असतात. त्यांचा फोटो मात्र कुणी टाकत नाही.

जुलै २०२५ मध्ये राज्यातले ११ किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यामुळे ही अर्धवट छाटणी आता तरी थांबायला हवी.

झाड पुन्हा का फुटतं?

शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खालचे सुप्त डोळे दाबून ठेवतं. शेंडा गेला की डोळे फुटतात आणि मुळांत साठलेलं अन्न त्यांना मिळतं. रेशीम उत्पादक शेतकरी तुती छाटून भरपूर पाला घेतात, तो याच गुणावर. पिंपळही तुतीच्याच कुळातला. वरून छाटलेल्या पिंपळाची मुळं दगडांच्या सांध्यात जाड होत राहतात आणि चिरा सरकतो.

मग करायचं काय?

बोटाएवढं रोप पाऊस पडून गेल्यावर, सांधा ओला असताना मुळासकट निघतं. जाड मूळ ओढलं तर भिंतही सोबत येते. तिथे बुंधा भिंतीलगत कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावावं लागतं. तेही सालीच्या आतल्या जिवंत कड्यावर. मधलं लाकूड रंगवून उपयोग नाही. उशीर झाला की काप सुकतो आणि औषध आत जात नाही. मात्र हे हौशी हातांचं काम नाही. ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण ऑपरेटरपुरताच ठेवण्याची अधिसूचना केंद्राने २०२२ मध्ये काढली होती. शिवाय संरक्षित गडावर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

मीठ किंवा ॲसिड ओतण्याचे सल्ले मोबाइलवर फिरतात. मिठाचे स्फटिक दगडाचे पापुद्रे काढतात, ॲसिड चुना खातं. झाड एक वेळ वाचेल, बुरूज नाही.

औषध नको असेल तर एकच मार्ग उरतो: दर दोन-तीन आठवड्यांनी कोवळे फुटवे खुडत राहणं, मुळांतला साठा संपेपर्यंत. मूळ मेल्यावर कुजून पोकळी होते. ती चुन्याच्या दर्ज्यानेच भरावी लागते, सिमेंटने नाही.

म्हणूनच मोहिमेच्या अहवालात किती झाडं तोडली यापेक्षा वर्षभरानंतर किती बुंधे फुटले नाहीत, हा आकडा मागायला हवा.