हॉर्मोन्सचं आहे, पण कोणत्या?

आमच्या गटातल्या पन्नाशीच्या एका ताईंना पेसमेकर बसवला. महिन्याभरात धाप, चक्कर, मानेत ठोके आणि कमालीचा थकवा सुरू झाला. घरचे म्हणाले, ‘पाळी गेली ना, हॉर्मोन्सचं असेल.’ दवाखान्यातही तेच उत्तर मिळालं. पेसमेकर कोणी तपासलाच नाही.

पाळी जाताना धडधड होते, हे खरं. पण ते कारण इतर शक्यता तपासून झाल्यावर सांगायचं असतं.

हृदय नुसता पंप नाही. तेही हॉर्मोन तयार करतं, हे १९८१ साली कॅनडात अडोल्फो द बोल्ड यांनी दाखवून दिलं. हृदयाचे वरचे कप्पे ताणले गेले की हे हॉर्मोन रक्तात उतरतं. त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, लघवीवाटे मीठ-पाणी जातं, रक्तदाब खाली येतो.

सिंगल चेंबर पेसमेकरची तार बहुधा खालच्या कप्प्यात असते. त्यामुळे वरच्या-खालच्या कप्प्यांचा ताल चुकू शकतो. वरचे कप्पे बंद झडपांवर आकुंचन पावतात, रक्त मागे मानेच्या शिरांत ढकललं जातं, कप्पे ताणतात आणि हे हॉर्मोन वाढतं. डबल चेंबरमध्ये ताल जुळतो, हॉर्मोनची पातळीही उतरते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत फक्त खालचा कप्पा चालवलेल्या ९९६ रुग्णांपैकी १८२ जणांना हा त्रास तीव्र झाला. त्यात स्त्रिया होत्या, पुरुषही होते. मग बाईचीच तक्रार वयावर का ढकलायची?

सिंगल चेंबर स्वस्त असतो. काही रुग्णांना तोच योग्यही असतो. पण निवड हृदय पाहून झाली की घरात बाईवर किती खर्च करायचा हे पाहून, हे विचारायलाच हवं.

१९५८ साली स्टॉकहोममध्ये शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर आर्ने लार्सन यांना मिळाला, कारण त्यांच्या पत्नी एल्से-मारी यांनी डॉक्टरांचा पिच्छा पुरवला. नवऱ्यासाठी बायको पिच्छा पुरवते. बायकोसाठी कोण पुरवतं?

मैत्रिणींनो, ते आपणच करायचं. पेसमेकरचं कार्ड घेऊन तिच्याबरोबर जा. कोणता पेसमेकर आहे, तोच का बसवला, त्रास सुरू झाल्यावर तो तपासला का, हे विचारा. ताईंबरोबर शेवटी आम्ही दोघी गेलो. यंत्राचा ठरवलेला वेग कमी करून हृदयाच्या स्वतःच्या ठोक्यांना वाव दिला, तेव्हा मानेतले ठोके थांबले. पाळीचं औषध लागलं नाही.