देवाचा कौल कीं देवास कौल?

कोकणांत व गोव्यांत देवास कौल लावण्याची चाल आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. मूर्तीच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या चिकटवावयाच्या, मनांतला प्रश्न पुजाऱ्याच्या मुखानें देवापुढें ठेवावयाचा, आणि उजवी पाकळी आधीं पडली कीं डावी, यावरून देवाची संमति किंवा नकार ओळखावयाचा, अशी ती रीत. पुढें निवडणुकांचा काळ आला आणि हाच शब्द आम्हीं देवळांतून उचलून मतपेटीवर नेऊन ठेवला. आतां कौल जनता देते. येथपर्यंत सारें ठीक आहे. पण देवानें माणसांस कौल देण्याऐवजीं माणसांनींच देवास कौल द्यावा, आणि तोही बरणींत पैसे टाकून द्यावा, असें कोणी सांगितलें तर?

अमेरिकेंतील एका पेगन मंडळीनें आपलें अधिष्ठातृदैवत ठरविण्याकरितां वर्गणीचा असाच खेळ मांडल्याचें आमच्या कानीं आलें, तेव्हां आम्हांस प्रथम हसूं आलें. घरांतील वडील मंडळींस सांगितलें, तों त्यांचा शेरा तयारच होता: "देव म्हणजे काय मेथीची जुडी आहे निवडायला?" शेरा मार्मिक खरा, परंतु हसूं ओसरल्यावर आम्हीं जों जों विचार केला, तों तों ही गोष्ट केवळ हसण्यावारी नेण्याजोगी नाहीं, असें आम्हांस वाटूं लागलें.

आपल्याकडे कुलदैवत निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. आडनांव, गोत्र आणि कुलदैवत हीं तिन्ही जन्माबरोबर पदरांत पडतात. पेगन मंडळींचें तसें नाहीं. पेगन हा शब्द मूळचा लॅटिन. जुने देव न सोडणाऱ्या लोकांस ख्रिस्ती मंडळींनीं दिलेलें तें नांव. रोमन सम्राट थिओडोशियस यानें इ. स. ३९१ व ३९२ मध्यें देवळांतील पूजा व बलिदान यांवर बंदी घातली, आणि पुढें कांहीं शतकांत युरोपांतील देवांची परंपरा बहुतेक ठिकाणीं तुटली. आज जे स्वतःस पेगन म्हणवितात, त्यांनीं ती विसाव्या शतकांत नव्यानें जोडावयास घेतली. इंग्लंडांत चेटुकाविरुद्धचा जुना कायदा १९५१ सालीं रद्द झाला आणि १९५४ मध्यें जेराल्ड गार्डनर यांचें त्या विषयावरील पुस्तक निघालें. आइसलंडांत जुन्या नॉर्डिक देवांच्या उपासकांची संस्था १९७२ सालीं स्थापन होऊन पुढच्याच वर्षीं तिला सरकारमान्यता मिळाली. खुद्द ग्रीसमध्यें जुन्या देवांच्या उपासकांस ती मान्यता मिळण्यास २०१७ साल उजाडावें लागलें. अशा मंडळींत एकाची भक्ति थॉरवर, दुसरीची ब्रिजिडवर, तर तिसऱ्याची अथेनीवर. वडिलोपार्जित असें सर्वांचें मिळून कांहींच नाहीं. मग मंडळीच्या निशाणावर कोणाचें नांव घालावयाचें? ज्यांस वारसा नाहीं, त्यांस निवडीवांचून गति नाहीं.

वर्गणीच्या अशा खेळांचा एक नमुना अमेरिकेंतील शाळांतून रूढ आहे. त्यास तेथें 'पेनी वॉर' म्हणतात. प्रत्येक पक्षाची एकेक बरणी मांडतात. आपल्या बरणींत एका सेंटाचीं तांबूस नाणीं टाकलीं कीं तितके गुण वाढतात. परंतु तिच्यांत रुपेरी नाणें किंवा कागदी डॉलर पडला, तर त्याच्या किंमतीइतके गुण वजा होतात. अर्थात् ज्याच्या खिशांत मोठी रक्कम असेल, त्यानें ती प्रतिपक्षाच्या बरणींत टाकावी! पंचवीस सेंटांच्या एका नाण्यानें समोरच्याचे पंचवीस गुण उडतात. शेवटीं सर्व बरण्या एकाच थैलींत रित्या होतात. जिंकणाऱ्याचा पैसा आणि हरणाऱ्याचा पैसा मिळून एकच कार्य होतें. पेगन मंडळींस स्वतःचीं देवळें फारशीं नाहींत. सणासमारंभास जागा भाड्यानें घ्यावी लागते. शिवाय शरद ऋतूंत भरणाऱ्या त्यांच्या 'पेगन प्राइड' मेळाव्यांतून गरजूंसाठीं अन्नधान्य गोळा करण्याचाही प्रघात आहे. तेव्हां पैसा लागणारच, आणि तो हसतखेळत मिळाला तर बिघडलें कोठें?

यावर आमचा एक वाचक म्हणेल, "बिघडलें तें हेंच, कीं देवाची बोली लावली." या आक्षेपास उत्तर दिलेंच पाहिजे. देवाच्या दारीं बोली आपल्याकडेही होते. गोव्यांतील देवळांतून देवास वाहिलेल्या वस्तूंची पावणी होते. साध्या नारळास कोणी भाविक शेकड्यांनीं रुपये मोजतो. परंतु तेथें बोली होते ती प्रसादाची. देव कोणता, हें त्या बोलीनें ठरत नाहीं. उलटपक्षीं, राजाज्ञेनें देव ठरविण्याचेही प्रयोग जगांत झाले आहेत. रोमचा सम्राट एलागाबालस यानें इ. स. २१८ ते २२२ या आपल्या राजवटींत सीरियांतील एमेसा येथील आपल्या कुलदेवाचा काळा पाषाण रोमला आणून त्यास सर्व देवांच्या वर बसविलें. सम्राटाचा वध होतांच तो पाषाण पुनः एमेसाच्या वाटेस लागला. राजाज्ञेनें देव बसवितां येतो, पण लोकांच्या मनांत तो राहील असें नाहीं. या मानानें पाहतां, सेंट-दोन सेंट टाकून का होईना, पण प्रत्येकास विचारून देव ठरविणें हें कांहीं अगदींच अधर्माचें म्हणतां येणार नाहीं.

तरीही खरी शंका पुढेंच आहे, आणि ती पैशाविषयीं नाहीं. ती शंका उपस्थित करणारी एक फार जुनी कथा आहे. ज्या नगरीच्या नांवांतच तिचें दैवत आहे, त्या अथेन्सची ती कथा होय.

ही नगरी अथेनीची कीं समुद्रदेव पोसायडनची, असा वाद पडला. पोसायडननें आपल्या त्रिशूलाचा प्रहार करून खडकांतून खारें पाणी काढलें. अथेनीनें ऑलिव्हचें झाड लावलें. अपोलोडोरसच्या नांवावर असलेल्या ग्रंथांत या वादाचा निवाडा बारा देवांनीं केला असें सांगितलें आहे. परंतु रोमन पंडित व्हारो यानें सांगितलेली हकीकत निराळी आहे, आणि ती सेंट ऑगस्टीननें आपल्या ग्रंथांत उतरून ठेविली म्हणून आपल्यापर्यंत आली. तींत राजा केक्रॉप्स यानें नगरांतील सर्व स्त्रीपुरुषांस मतास बोलाविलें. पुरुषांनीं पोसायडनला मतें दिलीं, स्त्रियांनीं अथेनीला. स्त्रियांची संख्या एकानें अधिक भरली. एका मतानें अथेनी जिंकली आणि नगरास तिचें नांव मिळालें.

कथा येथेंच संपती तर ती शाळेच्या क्रमिक पुस्तकांत शोभली असती. परंतु पोसायडन कोपला. त्यानें समुद्राच्या लाटांखालीं शेतें बुडविलीं. त्याचा कोप शमविण्याकरितां अथेन्सच्या लोकांनीं काय करावें? त्यांनीं स्त्रियांस तीन शिक्षा दिल्या. यापुढें स्त्रियांनीं मत देऊं नये. कोणाही मुलास आईचें नांव लावूं नये. आणि स्त्रियांस कोणी अथेनियन म्हणूं नये. जिच्यासाठीं त्यांनीं मतें दिलीं तिचेंच नांव असलेल्या नगरींत त्या बिननांवाच्या झाल्या! ऑगस्टीन हा जुन्या देवांचा कट्टर विरोधक. जिंकलेल्या देवीनें आपल्याला मतें देणाऱ्या स्त्रियांचा पाठीराखेपणा केला नाहीं, हें तो हटकून दाखवून देतो. विरोधकाचा प्रश्न म्हणून तो खोटा ठरत नाहीं.

ही पुराणकथा आहे हें खरें. पण तिच्यांतील शिक्षा भोगून संपावयास इतिहासाला किती वेळ लागला तें पाहावें. ग्रीसमधील स्त्रियांस पार्लमेंटाच्या निवडणुकींत मत देण्याचा पुरुषांबरोबरीचा हक्क १९५२ सालीं मिळाला. मुलास आईचें आडनांव लावण्याची मोकळीक तेथें १९८३ च्या कायद्यानें झाली. आपण या बाबतींत त्यांस हसावें अशी आपली स्थिति नाहीं. मुंबई इलाख्यांत स्त्रियांस कायदेमंडळाच्या निवडणुकींत मताधिकार मिळाला तो १९२१ सालीं, आणि तोही मालमत्तेच्या अटींत बसणाऱ्या थोड्यांस. आणि सरकारी कागदावर मुलाच्या नांवापुढें आईचें, मग वडिलांचें, अशी नांवें लावण्याचा नियम महाराष्ट्रांत १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या मुलांपासून सुरू झाला. अथेन्सच्या स्त्रियांस दिलेली दुसरी शिक्षा आपल्या दप्तरांतून पुसली जाऊं लागली ती काल-परवां!

निवडणुकींत जिंकलें कोण, हें सर्वांच्या लक्षांत राहतें. निवडीची खरी पारख मात्र तिच्यानंतर होते: हरलेल्यास आपण कसें वागवितों, आणि जिंकलेल्यांच्या आनंदाचें मोल कोणाकडून वसूल करतों, यावरून. अथेन्सचेंच दुसरें उदाहरण या बाबतींत अनुकरणीय आहे. तेथील टेकडीवर एरेक्थियम नांवाचें मंदिर इ. स. पू. पांचव्या शतकाच्या अखेरीस उभें राहिलें. त्यांत अथेनीची पूजा होई आणि तेथेंच पोसायडनचीही वेदी होती. अथेनीचें ऑलिव्ह आणि पोसायडनचा खारा झरा, दोन्ही त्या स्थानीं जपून ठेविलीं होतीं. दक्षिणेचा वारा सुटला कीं त्या विहिरींतून लाटांचा आवाज येतो, असें प्रवासी पॉसेनियस यानें लिहून ठेविलें आहे. हरलेल्या देवाचा आवाज जिंकलेल्या देवीच्या मंदिरांत शेंकडों वर्षें ऐकूं येत होता, आणि तो बंद करावा असें अथेन्सकरांस वाटलें नाहीं. देवांशीं ते ज्या उदारपणें वागले, तेवढ्या उदारपणें घरांतील स्त्रियांशीं वागते तर!

आतां आम्ही पेगन मंडळींच्या बरण्यांकडे पुनः वळतों. त्या खेळांत आम्हांस आवडलें तें हें, कीं हरणाऱ्याचेंही नाणें त्याच थैलींत पडतें. हरला म्हणून तो कार्यांतून वजा होत नाहीं. खेळ म्हणून केलेल्या निवडींत अहंकारास फारशी जागा उरत नाहीं. मात्र खेळ संपल्यावर हरलेल्या दैवताच्या भक्तांस सणाच्या दिवशीं दिवा लावण्यास कोपरा मिळाला पाहिजे. तो मिळत असेल तर त्या मंडळींस आम्ही हसणार नाहीं. मिळत नसेल, तर त्यांनीं अथेन्सची तीच चूक केली असें म्हणूं, मग मत पैशानें दिलेलें असो कीं हात वर करून.

आणि हा विचार आमच्या देव्हाऱ्यापर्यंत येऊन थांबतो. पंचायतनाच्या तबकांत बाण, शाळिग्राम, शोणभद्रेचा तांबडा पाषाण असे पांच देव एकत्र बसतात. ज्याचें जें इष्टदैवत तें मध्यें, बाकीचे चार भोंवतीं. मधली जागा बदलते. तबकांतून मात्र कोणासच उठविलें जात नाहीं. आमच्या पूर्वजांनीं हा प्रश्न इतक्या शहाणपणानें सोडविला आहे. परंतु ती मधली जागा ठरवितांना घरांत विचारलें कोणास? मुलगी लग्न होऊन आली कीं तिचें कुलदैवत बदलतें. रोज सहाणेवर गंध उगाळणारे, वाती वळणारे आणि नैवेद्याचें ताट वाढणारे हात ज्यांचे, त्यांचें मत आम्हीं कधीं घेतलें? लग्नांत माहेरची अन्नपूर्णा ओटींत घेऊन ती येते, आणि त्या अन्नपूर्णेस सासरच्या देव्हाऱ्यांत जागा मिळते, ही आपल्या रीतींतील मोठी गोड गोष्ट आहे. एरेक्थियममधील झऱ्याचीच ही बहीण म्हणावी. देवीस दिलेली ही जागा, तिला घेऊन येणारीलाही देणें एवढेंच उरलें आहे.

पुष्कळ कुटुंबें आज नव्या घरांत जात आहेत. नव्या देव्हाऱ्यांत काय मांडावयाचें, कोणता कुळाचार ठेवावयाचा आणि कोणता आटोपशीर करावयाचा, असे प्रश्न पडतात, आणि बहुधा दोन वडील पुरुष आणि एक गुरुजी मिळून ते सोडवितात. आमची सूचना एवढीच, कीं पुढच्या वेळीं त्या बैठकींत धाकट्या सूनबाईंसही बसवावें, आणि चहाचा ट्रे घेऊन नव्हे. "तुझ्या माहेरीं कोणतें व्रत असे? येथें चालवावें असें तुला वाटतें काय?" इतकें विचारावयास बरणी लागत नाहीं, नाणें लागत नाहीं. आणि तिचें मत एका मतानें वरचढ ठरलें, तर त्याबद्दल घरांतील कोणाही पोसायडननें रुसूं नये, हें आम्ही आमच्या वयोवृद्ध वाचकांस विशेष अगत्यानें विनवितों.