मढीचा ठराव आणि फॅसिझमचा अर्थ

शिरूर कासारहून मढी फार लांब नाही. आपला तालुका संपला की पाथर्डी, आणि तिथे कानिफनाथांचं हे गाव. याच स्थानाला मुस्लिम भाविक शाह रमजान माही सवार यांचा दर्गा म्हणतात. फेब्रुवारी 2025 मध्ये मढीच्या ग्रामसभेने ठराव केला की यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकान लावू द्यायचं नाही. कारण काय, तर यात्रेच्या काळात गाव तळण करत नाही, बाजेवर झोपत नाही, आणि हे व्यापारी ती प्रथा पाळत नाहीत. प्रथा मोडणाऱ्याला अडवा म्हणणं वेगळं, धर्म बघून अडवणं वेगळं. गटविकास अधिकाऱ्यांनी ठराव बेकायदेशीर ठरवला.

अशा वेळी "हा तर फॅसिझम" हे वाक्य आपल्याकडे लगेच तोंडावर येतं. पण प्रत्येक उद्धट अंमलदाराला फॅसिस्ट म्हणत सुटलो तर शब्द बोथट होतो. म्हणून तो नीट समजून घेऊ या.

23 मार्च 1919 रोजी मुसोलिनीने मिलानमध्ये आपली संघटना उभी केली. 'फॅशो' म्हणजे मोळी. एकटी काठी मोडते, मोळी मोडत नाही, हा त्याचा अर्थ. ऐकायला बरं वाटतं. पण प्राचीन रोमच्या ज्या मोळीवरून हे चिन्ह घेतलं, तिच्यात कुऱ्हाडही असायची. मोळी कोण बांधणार आणि कुऱ्हाड कुणावर चालणार, यातच सगळी विचारसरणी आली. राष्ट्र हे एकच शरीर, त्याबाहेर माणसाला किंमत नाही. नेता चुकत नाही. समता म्हणजे दुबळ्यांचं खूळ, आणि हिंसा म्हणजे मर्दुमकी. 1926 मध्ये तिथे संप करणं गुन्हा ठरला. आपले ऊसतोड कामगार 'कोयता बंद' करून दर वाढवून मागतात, तिथे ते थेट तुरुंगात गेले असते.

याच राजवटीने 16 सप्टेंबर 1931 रोजी लिबियात सत्तरी ओलांडलेल्या उमर मुख्तार यांना फाशी दिलं. त्याच वर्षी मार्चमध्ये नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे रोममध्ये मुसोलिनीला भेटले होते. तिथल्या पोरांचं लष्करी शिक्षण पाहून ते प्रभावित झाले. 1937 मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केलं.

मोळी घट्ट राहायला घरातलाच शत्रू लागतो. जर्मनीत 1 एप्रिल 1933 ला यहुद्यांच्या दुकानांसमोर नाझी स्वयंसेवक उभे राहिले. बहिष्कार एकच दिवसाचा होता. दोन वर्षांनी कायद्याने नागरिकत्वच गेलं. इटलीत तर कित्येक यहुदी फॅसिस्ट पक्षाचेच सभासद होते. 1938 च्या वंशकायद्यांनी त्यांनाही सोडलं नाही.

मढी म्हणजे बर्लिन नव्हे. तिथे बहिष्कार सत्ताधारी पक्षाचाच होता, इथे सरकारी अधिकाऱ्यानेच ठराव अडवला. कलम 15 आणि कलम 19 आजही घटनेत आहेत. पण ते आपोआप चालत नाहीत, कुणाला तरी सही करावी लागते.

आणि आपल्या मोबाईलवर "त्यांच्याकडून घेऊ नका" असे मेसेज फिरतात, त्यांचं काय? जातकुळीच्या असबियतला रसूलुल्लाह (स.) यांनी नाकारलं, ते फक्त दुसऱ्यांसाठी नाही.

ग्रामसभेत गावातल्या प्रत्येक मतदाराला बसता येतं, बोलता येतं. आपल्यातले किती जण जातात? असा विषय निघाला तर शेजारच्या हिंदू मित्राला सोबत घेऊन जा, आणि दोघांचाही आक्षेप प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायला लावा.