उंचावरचा बाजार, खालचं नाटक

२०२५ साली मान्सून मे महिन्यातच आला. पहिलीपासून हिंदीचा निर्णय सरकारला मागे घ्यावा लागला. दोन्हींवर भरपूर लिहून झालं आहे. या अंकाचा विशेष विभाग ‘गावाची संध्याकाळ’ हा आहे आणि संपादक मंडळाला वर्षभर सलत राहिलेली गोष्टही संध्याकाळचीच आहे. सांगलीचा बाजार विश्रामबागेत आला, नाटक मात्र आलं नाही.

विश्रामबाग म्हणजे एकेकाळी सांगली-मिरजेमधली मोकळी जागा. १९१९ साली स्थापन झालेलं विलिंग्डन आणि १९४७ साली सुरू झालेलं, आज वालचंद म्हणून ओळखलं जाणारं अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्यामुळे इथं विद्यार्थी राहू लागले. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाडची एकच महापालिका झाली आणि हा भाग शहराच्या मधोमध आला. पण बाजाराला इकडं खरं ढकललं ते कृष्णेनं. २००५, २०१९, २०२१चे महापूर. धोक्याची पातळी ४५ फूट असताना २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. हरभट रोड, मारुती रोड बुडाले. ज्याला जमलं त्यानं पुढचं दुकान उंचावर घेतलं. त्यात काही गैर नाही.

विश्रामबाग चौकात रात्री आठला उभं राहून बघावं. क्लास सुटलेले असतात. पाठीवर सॅक, हातात भेळेचा कागद, गाडीवर बसल्या बसल्याच खाणं चाललेलं. तासाभरात सगळी पोरं खोल्यांवर. तिकडं जुन्या सांगलीत भावे नाट्यमंदिरातला रात्रीचा प्रयोग सुटतो तेव्हा परतायला वडाप नसते आणि वसतिगृहाचं दार लागलेलं असतं. तरीही नाटकाला तरुण प्रेक्षक येत नाही म्हणून ओरड होते. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं त्या सांगलीत ही ओरड ऐकवत नाही. मुलांवर हा अन्याय आहे.

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली जंगली महाराज रस्त्यावर उभं राहिलं. पु. ल. देशपांडे यांनी त्यात जातीनं लक्ष घातलं होतं. पुढं त्या रस्त्यावर दुकानं, हॉटेलं कितीही वाढली, तरी नाटकाची जागा आधीच पक्की झालेली होती. विश्रामबागेत दुकानं आधी आली आहेत, तेव्हा घाई करायला हवी.

शंभरावं नाट्यसंमेलन मार्च २०२० मध्ये सांगलीत व्हायचं होतं. करोनात ते राहिलं आणि जानेवारी २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडला झालं. संमेलनाचा मांडव तसाही चार दिवसांत उतरला असता. शहराला हवं आहे ते तीन-चारशे खुर्च्यांचं, तालमीची खोली असलेलं, हौशी संघांना भाडं परवडेल असं नाट्यगृह, आणि तेही विश्रामबागेत. महापालिकेनं त्यासाठी एक भूखंड आत्ताच राखून ठेवावा.

५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो. भाव्यांच्या नावाचं गौरवपदक दिलं जाईल, तेव्हा शहराचा कारभार पाहणारे पहिल्या रांगेत असतील. वाचकांनी त्यांना तिथंच गाठून या भूखंडाबद्दल विचारावं.