पाणी भरू लागलंय

पुन्हा तेच! काळोख, धो धो पाऊस, चिखलात धावणारे पाय, मागून टॉर्चचा झोत, किंकाळी, आणि पडद्यावर अक्षरं : ‘तीन दिवसांपूर्वी’. आपल्या थरारपटाची सुरुवात कागदावर मांडून कॉलेजची पोरं परवा घरी आली होती. कष्टाळू पोरं. एकेक शॉट पेन्सिलीने काढलेला. पण वाचून मी खरोखर चिडलो.

धावणारा कोण, कशाला धावतोय, पकडला गेला तर काय होईल, यातलं काहीच प्रेक्षकाला ठाऊक नाही. मग त्याचा जीव वर-खाली होणार कसा? हिचकॉकने त्रूफोला सांगितलेला टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला सिनेमा शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का. तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी कळलं, तर त्याच रटाळ गप्पा पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात. ऑर्सन वेल्सचा ‘टच ऑफ ईव्हिल’ (1958) सुरू होतो तोच मुळी गाडीत बॉम्ब ठेवणाऱ्या हातांपासून.

आणि राहतो आपण कुठे? 18 ऑगस्ट 2022 रोजी, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बोट लागली. ‘लेडी हान’. आत माणूस नाही, तीन एके-47 रायफली. राज्यभर नाकाबंदी झाली. मग उलगडलं, की मस्कतहून युरोपकडे निघालेल्या या बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं होतं, खलाशांची सुटका झाली होती आणि रिकामी बोट वाहत वाहत आपल्याकडे आली होती. याच किनाऱ्यावरच्या शेखाडीला 1993 साली आरडीएक्स उतरलं होतं, त्यामुळे श्रीवर्धनच्या माणसाला त्या सकाळी काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. असा किनारा दाराशी असताना पोरांना परक्या मालिकांतला पाऊस का लागावा?

मी त्यांना म्हटलं, कागद ठेवा बाजूला, पंचांग आणा.

पंचांग कशाला? भरतीच्या हिशेबासाठी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहा, म्हणजे सुकती बाराच्या सुमारास. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे सुकती संध्याकाळी पाच-साडेपाचला. आता बघा काय जुळून येतं. उजेड उतरत असताना अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याची वाट मोकळी असते, आणि चंद्र वर येतो तसं पाणीही चढू लागतं. तेही उधाणाचं. कोळ्याच्या पोराला जे उपजत कळतं, ते बॅगेत लेन्स घेऊन फिरणाऱ्या मुलांना ठाऊक नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

सुरुवात इथेच आहे. शेवटची घोडागाडी किल्ल्याकडून परत निघते. ओल्या वाळूत चाकोरी उमटते आणि कॅमेरा तिच्यावरच थांबतो. आधी कडा ढासळतात, मग तळाशी पाणी झिरपतं, मग चाकोरी दिसेनाशी होते. किल्ल्यात एक मुलगी गणपतीच्या देवळापाशी कुणाची तरी वाट पाहत बसली आहे. तिची पाठ समुद्राकडे. तिला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. किंकाळी नको, संगीतही नको, लाटांचा आवाज पुरे.

पोरं कागद घेऊन गेली. नवा मसुदा कसा होतो ते पाहू.

कुलाबा किल्ल्यात शूटिंग करू पाहणाऱ्या सगळ्यांना मात्र कळकळीची विनंती. किल्ला संरक्षित स्मारक आहे, पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. पाऊणपटीचा हिशेब अंदाजाचा आहे. निघण्यापूर्वी त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक पाहा, आणि घोडागाडीवाला ‘चला’ म्हणाला की शॉट अर्धा राहिला तरी निघा.