यूकेने युज-अँड-थ्रो वेप बंद केले, पण आतल्या कॉइलचं काय?

1 जून 2025 पासून युनायटेड किंग्डममध्ये एकदा वापरून फेकायचे वेप विकायला बंदी आली. निकोटिन असो वा नसो, दुकानात असो वा ऑनलाइन. कारणं मुख्यतः दोन: शाळकरी मुलांमध्ये वाढलेला वापर आणि कचरा. मटेरियल फोकस या तिथल्या संस्थेच्या 2023 च्या अंदाजानुसार दर आठवड्याला जवळपास 50 लाख असे वेप फेकले जात होते, आणि प्रत्येकात एक लिथियम बॅटरी. फोनची बॅटरी 80 टक्क्यांवर थांबवून जपणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकून कसंतरीच होतं.

मला मात्र या बातमीतली एक वेगळीच ओळ महत्त्वाची वाटली. 'पुन्हा वापरता येणारा' वेप कुणाला म्हणायचं, यासाठी तिथे तीन गोष्टी पाहिल्या जातात: बॅटरी चार्ज करता आली पाहिजे, लिक्विड पुन्हा भरता आलं पाहिजे आणि कॉइल बदलता आली पाहिजे. कॉइल पॉडच्या आतच पक्की बसवलेली असेल, तर सुटा मिळणारा पॉड बदलला तरी चालतं. मग कंपन्यांनी काय केलं? खाली चार्जिंग पोर्ट दिला, वर बदलता येणारा पॉड दिला, आणि जुन्याच रंगांत, जुन्याच फ्लेवरमध्ये माल पुन्हा दुकानात आणला. नियम पाळला गेला. पण तुमच्या फुफ्फुसात काय जाणार हे जिथे ठरतं, तो भाग आधीसारखाच सीलबंद राहिला.

हा भाग किती महत्त्वाचा आहे ते बघायचं असेल, तर वेपचा जुना, हाताने बांधायचा प्रकार समजून घ्यावा लागतो. त्याला रिबिल्डेबल ॲटमायझर म्हणतात. आधीच सांगतो, मी वेप ओढत नाही आणि हा लेख वाचून कुणी ओढायला लागावं असंही मला वाटत नाही. पण यंत्र म्हणून तो प्रकार प्रामाणिक आहे, काहीच लपवत नाही. एक छोटी धातूची बैठक, तिच्यावर स्क्रूवाले दोन खांब, त्या खांबांमध्ये वापरणाऱ्याने स्वतः गुंडाळलेल्या तारेचं स्प्रिंग, त्यातून ओवलेला कापूस, आणि वर भोकं असलेली टोपी. बस्स.

तार बहुतेक वेळा नायक्रोमची किंवा कँथलची, म्हणजे लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियमची. आजीच्या घरची कॉइलवाली विजेची शेगडी आठवा, तेच तत्त्व. तार जितकी लांब आणि बारीक, तितका रेझिस्टन्स जास्त. पूर्ण चार्ज झालेली लिथियम-आयन बॅटरी 4.2 व्होल्ट देते. 1.8 ओहमची कॉइल लावली तर करंट 2.3 अँपिअर आणि पॉवर जेमतेम 10 वॉट, म्हणजे फोनच्या जुन्या साध्या चार्जरइतकी. त्याच बॅटरीवर 0.2 ओहमची कॉइल लावा. करंट 21 अँपिअर, पॉवर 88 वॉट. आपल्याकडे मिळणारी सोल्डरिंग आयर्न साधारण 25 वॉटची असते, त्याच्या साडेतीन पट! तार जाड आणि आखूड घेतली की एवढा फरक पडतो.

यातलाच सर्वांत घातक प्रकार म्हणजे मेकॅनिकल मॉड. नळीत बॅटरी, वर ॲटमायझर, मध्ये साधं बटण. कसलाही सर्किट बोर्ड नाही, कट-ऑफ नाही. तार खांबाला चिकटून शॉर्ट झाली, की बॅटरी झेपेल त्यापलीकडचा करंट सोडते. 2018 मध्ये फ्लोरिडात आणि 2019 मध्ये टेक्सासमध्ये वेपच्या स्फोटाने माणसं दगावली आहेत. त्यामुळे 'जुनं ते सोनं' असलं काही माझ्या मनात नाही.

आता कापूस. समईत वात जसं तेल ओढून घेते, तसाच इथला कापूस लिक्विड ओढतो. समईतलं तेल संपलं की वातच जळायला लागते आणि घरभर करपट वास सुटतो. इथेही तेच. कापूस ओला आहे तोवर कॉइलची उष्णता लिक्विडची वाफ करण्यात खर्च होते, तापमान आटोक्यात राहतं. (लिक्विडमधलं प्रोपिलीन ग्लायकॉल साधारण 188 अंशांना उकळतं, ग्लिसरीन 290 च्या आसपास.) कापूस कोरडा पडला की तापमान झपकन चढतं आणि हेच पदार्थ तुटून त्यांची फॉर्माल्डिहाइडसारखी विषारी रसायनं होतात.

आणि तिसरी गोष्ट हवा. चुलीत फुंकणीने हवा मारली की जाळ वाढतो, म्हणून वाटतं की इथेही भोक मोठं तर आच मोठी. पण इथे काही पेटत नाहीये. झुरका घेताना भोकातून आत आलेली हवा कॉइलला थंड करते आणि तयार झालेली वाफ पुढे ढकलते. भोक कॉइलच्या बरोबर खाली असलं की हवा थेट तारेवर आदळते, बाजूला असलं की तार जास्त तापते. भोक बारीक असेल तर झुरका सिगारेटसारखा घट्ट लागतो. असा झुरका लोक आधी तोंडात भरतात, मग आत घेतात. भोक मोठं असेल तर थेट छातीत. म्हणून कमी ओहमची कॉइल आणि बारीक भोक ही जोडी सगळ्यात वाईट: उष्णता भरपूर, ती वाहून न्यायला हवा नाही.

हे सगळं हौशी लोकांचं खूळ वाटेल, पण एक गाजलेला शास्त्रीय वाद यावरच झाला. जानेवारी 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचं पत्र आलं. वेप 3.3 व्होल्टवर चालवला तेव्हा फॉर्माल्डिहाइड देणारं संयुग सापडलं नाही, 5 व्होल्टवर भरपूर सापडलं. बातम्यांचे मथळे काय आले असतील ते सांगायला नको. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने ॲडिक्शन या नियतकालिकात उत्तर दिलं: असली मोठी मात्रा कापूस कोरडा पडल्यावरच मिळते, आणि त्या झुरक्याची चव इतकी जहाल लागते की माणूस तो टाळतोच. मला वाटतं, दोघांच्या म्हणण्यातून एकच गोष्ट निघते. 'वेपमधून काय निघतं' याला एक उत्तर नाही. यंत्र तेच, लिक्विड तेच असलं तरी कॉइल, कापूस आणि पॉवरचा मेळ बदलला की रसायन बदलतं.

रिबिल्डेबलवाल्याला हा मेळ निदान डोळ्यांनी दिसतो. काळा पडलेला कापूस, कोळसा धरलेली तार त्याच्या समोर असते. सीलबंद पॉडवाल्याला फक्त आंब्याचा फ्लेवर दिसतो. आणि सीलच्या आत सगळं ठीक असतं असंही नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या 2018 च्या अभ्यासात रोज वेप ओढणाऱ्या 56 जणांची स्वतःची यंत्रं तपासली. बाटलीतल्या लिक्विडपेक्षा कॉइलवरून गेलेल्या वाफेत शिसं, निकेल, क्रोमियम कितीतरी जास्त निघालं. 2025 मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, डेव्हिसच्या संशोधकांना काही डिस्पोजेबल वेपमध्ये शिसंमिश्रित ब्राँझचे भाग सापडले, लिक्विडमध्ये शिसं झिरपवणारे. सील फोडल्याशिवाय हे कुणाला कळणार?

आता पुढचं वळण. ब्रिटनने 1 ऑक्टोबर 2026 पासून वेप लिक्विडवर दर 10 मिलीला 2.20 पौंड कर लावायचं ठरवलंय. कर मिलीवर आहे, निकोटिनच्या मात्रेवर नाही. म्हणजे मोठ्या भोकाचं, कमी ओहमचं, ढगच्या ढग सोडणारं यंत्र लिक्विड पितं तेवढा कर जास्त. उलट छोट्या, घट्ट झुरक्याच्या पॉडला थोडंसं लिक्विड पुरतं, फक्त त्यात निकोटिन तिथल्या कमाल मर्यादेपर्यंत, म्हणजे 20 मिलिग्रॅम प्रति मिली भरलेलं असतं. माझा अंदाज असा की या कराने स्वतः बांधणारे उरलेसुरले लोकही पॉडकडे वळतील.

आपल्याकडे गणित वेगळं आहे. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात सगळंच बंद आहे, निकोटिन असो वा नसो. कायद्याचे शब्द 'पूर्ण वस्तू किंवा तिचा कोणताही भाग' असे आहेत, म्हणजे सुटा पॉड किंवा कॉइलही त्यात आली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लंडन, लेस्टरला शिकायला गेलेल्या मित्राला सुट्टीत येताना 'एक घेऊन ये रे' असा मेसेज टाकणाऱ्यांनी हे वाचून ठेवा. आयात म्हणायला बॅगेतला एक पीसही पुरतो. आणि इथे चोरून मिळणाऱ्या मालाच्या पाकिटावर निकोटिनचा आकडा काहीही छापलेला असला, तरी आतली कॉइल आणि लिक्विड इथल्या कुठल्याही नियमाखाली तपासलेलं नसतं. माल मुळातच बेकायदा, तर तपासणार कोण?