आधी त्या दोघांना विचारा

डिसेंबरची भारतवारी आटोपून माणसं परतली की अमेरिकेतल्या आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळाबरोबर एक विषय हमखास फिरतो: गावाकडच्या घराचं काम. कोणी मोबाइलवर प्लॅन दाखवतं, कोणी ठेकेदाराने पाठवलेले फोटो. जुनं पाडलं, स्लॅब टाकला, व्हिट्रिफाइड टाइल्स, फॉल्स सीलिंग, हॉलमध्ये एसी. कौतुक होतं, आणि व्हायलाच हवं. डॉलरसुद्धा घाम गाळूनच मिळतात. माझी तक्रार वेगळी आहे. त्या घरात बारा महिने राहणार असतात दोघं जण, सत्तरी ओलांडलेले नवरा-बायको. त्यांना सगळं ठरल्यावर कळवलं जातं. त्यातही व्हिडिओ कॉलवर बाबांशी बोलणं होतं, आईचा फक्त आवाज येतो, मागून, "जेवलास का?" एवढाच.

माझं म्हणणं असं आहे की घर त्यात राहणाऱ्या दोघांनी मिळून सुधारायचं असतं, जमेल तसं आणि थोडं थोडं. परदेशातल्या मुलांनी पैसे जरूर द्यावेत, मालकी हक्क सांगू नये.

मी सोलापूरची, म्हणून सोलापूरचंच बोलते. बार्शी तालुक्यात माझ्या मावशीचं घर आहे. पुढची बाजू जुनी, माळवदाची. मागे ऐंशीच्या दशकात काकांनी बांधलेल्या दोन खोल्या, स्लॅबच्या. एकाच घरात दोन्ही प्रकार असल्यामुळे तिथे वाद घालावाच लागत नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पुढच्या सोप्यातून मागच्या खोलीत पाऊल टाकलं की कळतं. सोलापूरकडे एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 ला जातो आणि काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो, ते रात्री बारापर्यंत ओकत राहतो. माळवदाचं तसं नाही. खाली खांब आणि तुळया, त्यावर आडवी लाकडं आणि फळ्या, वर पाला-चिपाडाचा थर आणि त्यावर वीतभर माती. ते ऊन खाली येईपर्यंत संध्याकाळ होते.

माझा मावसभाऊ ह्यूस्टनला असतो. त्याला पुढचं माळवद पाडून सगळ्या घराला एकसारखा स्लॅब टाकायचा होता. मावशी म्हणाली, "टाक की. पण मे महिन्यात आम्ही दोघांनी कुठं झोपायचं ते पण सांगून ठेव. तू काय उन्हाळ्यात येणार हायस का?" तो म्हणाला, एसी बसवू. त्यावर काका म्हणाले, "आणि लाइट?"

इथे कोणी म्हणेल की हे जुन्याचे गोडवे गाणं झालं. तसं होऊ नये म्हणून दुसरी बाजू मीच मांडते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडे हजारो माणसं गेली ती अशाच घरांखाली. विसर्जन उरकून लोक दमून झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती ढासळल्या आणि वर मातीचं ओझं. हे ओझं चढलं कसं? दर मृगाच्या आधी माळवदावर नवी माती पसरायची, चोपायची, गळती बंद करायची. जुनी कोणी काढत नव्हतं. आजोबांची माती, वडिलांची माती, आपली माती, असं करत छत दीड-दोन फुटांचं होऊन बसलं. म्हणजे नवरा-बायकोने दरवर्षी निष्ठेने केलेली डागडुजीच शेवटी अंगावर आली. थोडं थोडं करण्याचा हा धोका मान्य करायलाच हवा: प्रत्येक वर्षीचं काम बरोबर असतं, बेरजेकडे कोणी पाहत नाही.

पण त्यावर उपाय काय निघाला तो पाहा. सगळ्यात जास्त पडझड झालेली 52 गावं जागा बदलून नव्याने वसवली. बाकीच्या मोठ्या पट्ट्यात मात्र सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात घरं पाडली नाहीत, जागच्या जागी मजबूत करायला पैसे आणि माहिती दिली. कामं अगदी साधी होती. छतावरची जास्तीची माती उकरून थर आठ-नऊ इंचांवर आणायचा. खांब आणि तुळई भेटतात तिथे तिरके टेकू ठोकायचे. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून मधूनमधून आरपार भोक पाडून, सळई घालून, काँक्रीट भरायचं. कोपरे बांधून घ्यायचे. यातलं एकही काम गावच्या गवंड्याला आणि घरच्या दोघांना न झेपणारं नाही.

शिवाय या कार्यक्रमात एक गोष्ट अशी घडली जी आपल्या व्हिडिओ कॉलवाल्यांनी नीट समजून घ्यावी. इंजिनिअर गावात यायचा, घरातल्या पुरुषाशी बोलायचा आणि जायचा. बायकांपर्यंत काही पोचायचं नाही. मग 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकाच 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. कुठली भिंत धरायची, पैसे कधी मिळणार, सिमेंट किती लागणार, हे त्या घरोघर जाऊन सांगू लागल्या आणि कामावर नजर ठेवू लागल्या. जी बाई रोज भिंत सारवते, तिला त्या भिंतीला तडा कुठे आहे हे कोणापेक्षाही आधी माहीत असतं. हे कळायला इतका मोठा भूकंप व्हावा लागला, हे आपलं दुर्दैव.

मावशी-काकांनीही भूकंपानंतरच्या त्या काळात माळवद उकरलं. काका वर चढून टिकाव-फावडं चालवायचे, मावशी खालून टोपल्या लावायची आणि ती माती परसात केळी-लिंबांच्या आळ्यात जायची. नंतर त्यांनी वर्षाला एकच काम धरायचं ठरवलं. एका वर्षी न्हाणीघरात धरायला दांडा आणि कमोड. एका वर्षी पायरीची उंची अर्धी केली, कारण मावशीचे गुडघे. सोप्यातली शहाबादी फरशी मात्र तशीच ठेवली. गुळगुळीत टाइल्सवर ओल्या पायाने एक माणूस पडला की पुढची दोन वर्षं दवाखान्यात जातात, हे त्या दोघांनी शेजारी पाहिलेलं आहे.

अलीकडे दर मार्चमध्ये त्यांचं ठरलेलं काम म्हणजे मागचा स्लॅब कमी तापावा म्हणून त्याला चुना. मी एकदा तेव्हा तिथे होते. दुकानातून कळीचा चुना आणायचा, आदल्या रात्री पिंपात विरवायचा. पाणी पडलं की चुना खदखदतो, गरम वाफ येते. ते काम मावशी स्वतः करते, काकांना जवळ येऊ देत नाही, कारण त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. जुना चष्मा आणि तोंडाला पदर, अशी ती लांब काठीने ढवळते. सकाळी निवलेला चुना फडक्यातून गाळायचा, त्यात फेविकॉल घालायचा म्हणजे पहिल्या वळवाने धुऊन जात नाही. ऊन कलल्यावर काका गच्ची झाडून, धुऊन घेतात आणि लांब दांड्याच्या ब्रशाने एक हात मारतात. दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेने दुसरा. मावशी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसते आणि कुठे काळं राहिलं ते दाखवते. दोघांची भांडणं होतात. "तिकडं राहिलं की हो!" "अगं दिसतंय मला." "दिसत असतं तर राहिलं असतं का?" एवढ्याने खालच्या खोलीत रात्री झोप लागते. मावसभावाने मागवलेल्या एसीच्या कोटेशनमधल्या नुसत्या वायरिंगच्या पैशात त्यांचा कितीतरी वर्षांचा चुना आला असता.

सोलापुरात जोडीने काम करणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे. शहराच्या पूर्व भागात, साखर पेठ, दाजी पेठ, अशोक चौकाच्या बाजूला, घरातच माग असायचा. तो मागावर, ती कांड्या भरणार आणि उरलेल्या वेळात विड्या वळणार. घर हाच कारखाना. अशा घरात खिडकी कुठे पाडायची हा हौसेचा प्रश्न नसतो. विडीचं पान कापताना उजेड डाव्या अंगाने आला की उजव्या, यावर दिवसाची मजुरी ठरते.

याच बायकांनी सोलापूरला घराबाबतचा दुसरा धडा दिला. कॉम्रेड नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने विडी कामगार महिलांची गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तिला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचं नाव दिलं गेलं आणि कुंभारीच्या माळावर दहा हजार घरं झाली. 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. पुढे त्याच कुंभारीत रे नगरचा 30,000 घरांचा प्रकल्प आला. त्यातल्या 15,000 घरांचं लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जानेवारी 2024 मध्ये केलं. राजकारण बाजूला ठेवा. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की गोदूताईंच्या नावच्या त्या वसाहतीत सभासद बाई होती. हप्ता तिच्या मजुरीतून गेला आणि कागदावर नाव तिचं आलं. त्यानंतर नवऱ्याला ओटा वाढवायचा असो की पुढे पत्रा घालायचा असो, आधी बायकोला विचारावं लागतं. 'दोघांनी मिळून' हे शब्द अशा घरात खरे होतात, कारण दोघांपैकी कोणीच पाहुणं नसतं.

आपल्या घरांत काय आहे? परवा सहज विचारलं, तर आमच्या ओळखीतल्या बहुतेकांच्या गावाकडच्या घराच्या उताऱ्यावर वडिलांचं किंवा आजोबांचं नाव. आईचं कुठेच नाही. महाराष्ट्रात 2021 पासून घर बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती आपण पुण्याच्या फ्लॅटसाठी बायकोच्या नावे बरोबर घेतो. गावाकडच्या ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर आईचं नाव चढवायला मात्र कोणाला सवड होत नाही. माझं मत विचाराल तर घराला पैसे लावायच्या आधी हे काम व्हावं. टाइल्स नंतर निवडा.

इकडे अमेरिकेत आपण वेगळेच असतो. शनिवारी होम डेपोत जाऊन बेसमेंटला ड्रायवॉल लावणारी, डेक घासून रंगवणारी जोडपी आपल्या मंडळात कमी नाहीत. मजुरी परवडत नाही म्हणून सुरुवात होते, मग गोडी लागते. पण तिथेही ड्रिल एकाच्याच हातात राहतं आणि शिडी दुसरीच धरते, आणि रविवारी रात्री सगळा भुसा कोण झाडतं ते सांगायला नको. तरी निदान एक चांगली सवय लागते: भिंतीला भोक पाडायच्या आधी दोघांनी टेप धरून मोजायचं. हीच माणसं सोलापूरच्या घराचा विषय निघाला की टेप विसरतात आणि ठेकेदाराला म्हणतात, "तुम्ही करून टाका, बिल पाठवा."

"ते थकलेत, त्यांच्यानं होत नाही," हा नेहमीचा युक्तिवाद. अहो, घाम त्यांनी गाळावा असं कोण म्हणतंय? गवंडी आहे, बिगारी आहे, त्यांना रोजगार मिळायलाच हवा. तिकडे सगळं स्वतःच्या हाताने करण्याचा हट्ट ही उलट चैनच ठरेल. मुद्दा ठरवण्याचा आहे. गवंड्यासमोर उभं राहून "इथं नको, तिथं" म्हणणारी दोन माणसं घरातलीच हवीत. शिवाय एकदम सगळं काम काढलं की म्हातारी जोडी चार-सहा महिने भाड्याच्या खोलीत जाते. तिथून परत येते तेव्हा त्यांना अंधारात स्विच सापडत नाही. पाण्याचंही तेच. सोलापूर शहरात नळ काही दिवसांच्या अंतराने येतो, त्यामुळे तिथलं खरं घरकाम म्हणजे साठवण: जमिनीखालची टाकी, वरची टाकी, मधली मोटर, आणि पाणी रात्री अडीचला आलं तर कोणी उठायचं याची वाटणी. ठेकेदाराच्या रंगीत प्लॅनमध्ये मी हे कधी पाहिलं नाही. घरातल्या बाईला विचारलं असतं तर तिने पहिल्या वाक्यात सांगितलं असतं.

म्हणून मंडळातल्या मंडळींना माझी एक सूचना आहे, थोडी गैरसोयीची. घराचा निर्णय डिसेंबरात घेऊ नका. तेव्हा सोलापुरात हवा छान असते, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा तोंडावर असते, हुरडा सुरू असतो, आणि कुठल्याही छताखाली बरं वाटतं. त्या हवेत स्लॅबही चांगला आणि काचेची खिडकीही चांगली. तिकीट मेचं काढा. मुलांच्या शाळा आडव्या येत असतील तर दोघांपैकी एकाने जा. शक्यतो ज्याचे ते सख्खे आई-वडील नाहीत त्याने, कारण जावई-सुनेला लोक खरं सांगतात. दुपारी जेवण झाल्यावर ती दोघं कुठे आडवी होतात ते बघा. पंखा कुठल्या खोलीत लावतात, कुठल्या खोलीत जातच नाहीत, रात्री पाणी आल्यावर कोण उठतं. मावसभाऊ यंदा तसा जाऊन आला. स्लॅबचा विषय तूर्त मागे पडला आहे. आता मागच्या गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची चायना मोझेक बसवायची की दरवर्षीचा चुनाच बरा, यावर त्याच्या आई-वडिलांचं एकमत व्हायची तो वाट पाहतोय. काकांना मोझेक हवी आहे. मावशी म्हणते, मार्च महिन्यात मग करायचं काय?